भर पावसात गुलाब आणि लिली कशी फुलवावीत

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या दोनतीन सरी झाल्या की घरच्या बागेत मोठी मौज असते. उन्हाळाभर मेल्यासारखे पडून राहिलेले रेन लिलीचे कांदे चार दिवसांत गुलाबी फुलांनी भरून जातात आणि तापून थकलेला गुलाब नवे तांबूस कोंब काढतो. अडचण जुलैत सुरू होते. लिली आपल्या गतीने फुलत राहते, गुलाब मात्र खालून वरपर्यंत पाने टाकत जातो आणि ऑगस्टमध्ये कुंडीत काटेरी काड्या तेवढ्या उरतात. अशा वेळी बहुतेक जण विचारतात, “कोणते खत घालू?” कोणतेही घालू नये. पावसाळ्यातला गुलाब उपाशी नसतो, तो ओला असतो, आणि पुढचे बहुतेक लिखाण या एका मुद्द्यावरच आहे.

मी पुण्यात, गच्चीवर आणि थोडे जमिनीतही, गुलाब लावत आलो आहे. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर कोकणात तो अडीच हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. त्यामुळे कोकणातल्या वाचकांनी या लेखातली प्रत्येक काळजी दुपटीने घ्यावी आणि जुलैत गुलाबाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

पूर्वतयारीबद्दल फार लिहीत नाही. बारा इंची कुंडी, पाचसहा तासांचे ऊन, लाल माती आणि जुने शेणखत हे सर्वांना ठाऊक आहे. फक्त तीन गोष्टी पाऊस सुरू होण्यापूर्वी कराव्यात. कुंडीखालच्या ताटल्या काढून टाकाव्यात, कुंड्या दोन दोन विटांवर उचलून ठेवाव्यात, आणि मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल तर ती माती बदलावी, कारण उन्हाळ्यात उपयोगी पडणारा त्याचा पाणी धरून ठेवण्याचा गुण पावसाळ्यात मुळांच्या जिवावर उठतो. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो निरुपयोगी आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, उलट त्या थराच्या वर साचून राहते. भोकावर एक खापरी पुरते.

आता पानांकडे वळू.

खालची पाने पिवळी पडू लागली की प्रथम पान हातात घेऊन नीट पाहावे. पानावर काळे, साधारण गोल, पण कडा झालरीसारख्या फाटलेल्या असे डाग असतील आणि डागाभोवती पिवळेपणा पसरत असेल, तर तो काळ्या ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग आहे. डाग नसताना संपूर्ण पान फिकट पिवळे होऊन गळत असेल, तर मुळांपाशी पाणी तुंबले आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. या तीन दुखण्यांचे उपाय वेगवेगळे आहेत, तरीही तिन्हींवर एप्सम सॉल्ट आणि केळ्याच्या सालीचे पाणी सुचवणाऱ्यांची कमतरता नाही.

पहिल्या तीन पावसाळ्यांत मी काळ्या ठिपक्यांच्या रोगापुढे पूर्ण हरलो होतो, आणि त्याला माझ्याच तीन चुका कारणीभूत होत्या. पहिली चूक म्हणजे झाडांना पावसाचा मारा लागू नये म्हणून मी चौदाच्या चौदा कुंड्या पत्र्याच्या आडोशाला एकमेकींना खेटून ठेवल्या. तिथे पाऊस कमी लागला हे खरे, पण वारा आणि ऊनही बंद झाले, आणि वळचणीच्या तुषारांनी भिजलेली पाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलीच राहिली. दुसरी चूक म्हणजे गळलेली पाने तिथेच कुजून खत होईल अशा समजुतीने मी ती कुंडीतच राहू दिली. तिसरी चूक अशी की झाड अशक्त झाले म्हणून एका रोपवाटिकेतल्या सल्ल्यावरून मी त्याला दर आठवड्याला खत घातले. त्या खताने कोवळी पालवी फुटली, आणि बुरशीला कोवळ्या पानाहून अधिक सोयीचे दुसरे काही नसते.

ही बुरशी, डिप्लोकार्पॉन रोझी, कशी वागते हे कळल्यावर उपाय आपोआप सुचतात. तिचे बीजाणू, म्हणजे बियांसारखे सूक्ष्म कण, पानावर पडले तरी लगेच काही होत नाही. पान सलग सातआठ तास ओले राहिले तरच ते रुजतात. साधारण आठवड्याभरात डाग दिसू लागतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या डागांतून नवे बीजाणू तयार होतात. पुण्यातले जुलैचे बावीस ते अठ्ठावीस अंश तापमान तिला अगदी मानवते. शिवाय हे बीजाणू वाऱ्यावर तरंगत दूर जात नाहीत. ते पाण्याच्या उडत्या थेंबांबरोबर पसरतात. गळलेल्या पानावर पावसाचा थेंब आपटतो, त्याचे शिंतोडे सर्वांत खालच्या पानांवर जातात, तिथून वरच्या पानांवर, आणि म्हणूनच रोग नेहमी खालून वर चढतो.

तेव्हा जागेपासून सुरुवात करावी. पावसाळ्यात गुलाबाला सकाळचे ऊन मिळणारी, पूर्वेकडची मोकळी जागा द्यावी, कारण रात्री भिजलेली पाने लवकर वाळणे हे दुपारच्या कडक उन्हापेक्षा अधिक महत्त्वाचे असते. दोन कुंड्यांत दोन फूट अंतर ठेवावे. जागा नसेल तर कुंड्या कमी कराव्यात. चौदा रोगट झाडांपेक्षा सहा निरोगी झाडे बरी, हे मान्य करायला मलाही बरीच वर्षे लागली. उघड्यावर पाऊस लागेल याची भीती बाळगू नये, कारण भिजण्याने झाड बिघडत नाही, न वाळण्याने बिघडते.

त्यानंतर मृगाच्या सुमारास झाडाच्या मध्यभागी गर्दी करणाऱ्या बारीक, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, म्हणजे आतून वारा खेळतो. ही मोठी छाटणी नव्हे. ती पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्येच करायची असते. याच वेळी जमिनीपासून साधारण वीतभर उंचीपर्यंतची सर्व पाने, निरोगी असली तरी, खुडून टाकावीत. हिरवीगार पाने तोडताना हात अडखळतो, परंतु शिंतोड्यांचा पहिला बळी हीच पाने असतात, आणि ती नसली की रोगाला चढायला पायरीच राहत नाही. डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे कलमाच्या जोडाच्या, खालून, खुंटातून, आलेले फुटवेही तेव्हाच मुळापासून ओढून काढावेत.

मग रोजचे पाच मिनिटांचे काम उरते, आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते. सकाळी झाडापाशी जाऊन डाग पडलेले प्रत्येक पान खुडावे, गळलेले प्रत्येक पान उचलावे आणि सर्व पाने कचऱ्यात द्यावीत. घरच्या कंपोस्टात ती अजिबात टाकू नयेत. घरगुती ढीग बुरशी मरण्याइतका तापत नाही. मातीवर करवंटीचे तुकडे किंवा जमिनीतल्या वाफ्यात वाळलेले पाचट पातळसे पसरले की शिंतोडे उडणे बरेच कमी होते. पाऊस उघडल्यावर पाणी द्यावे लागलेच, तर ते सकाळी आणि केवळ बुंध्याशी द्यावे. संध्याकाळी पाइपने झाड न्हाऊ घालणे ही गुलाबाची सेवा नसून बुरशीची आहे.

फवारणीबद्दल माझे मत ठाम आहे. आंबट ताक, हळदीचे पाणी आणि दालचिनीची पूड हे तिन्ही मी प्रत्येकी एक पावसाळाभर वापरून पाहिले. झाडे तितकीच उघडी झाली. कडुनिंबाचे तेल माव्यावर, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांवर, बरे काम करते, पण एकदा पसरलेले काळे ठिपके त्याने थांबल्याचे मी पाहिलेले नाही. द्राक्षबागायतदार नातेवाइकांकडून बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक, आणण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु सतत ओलसर, ढगाळ हवेत तांब्याची औषधे गुलाबाची पानेच भाजतात. वापरायचे असेल तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम या प्रमाणात, पाकिटावरच्या सूचना वाचून, हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून वापरावे. हे औषध पानावर केवळ पातळ कवच तयार करते, आत शिरलेली बुरशी मारत नाही. म्हणून ते पहिला डाग दिसण्यापूर्वी, जूनमध्येच सुरू करावे लागते. ऑगस्टमध्ये उघड्या काड्यांवर औषध मारण्यात अर्थ नाही. पाने पूर्ण कोरडी असताना, पुढचे काही तास पाऊस येणार नाही असे वाटत असताना, पानांच्या खालच्या बाजूसही पोहोचेल असे फवारावे आणि आठदहा दिवसांनी, किंवा मोठ्या पावसाने धुऊन गेल्यास त्यापूर्वी, पुन्हा फवारावे. फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदात जाता कामा नयेत.

जाती निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. पिवळे आणि केशरी गुलाब या रोगाला लवकर बळी पडतात आणि याचे कारण त्यांच्या वंशात आहे. फ्रान्समधील पेर्ने-द्युशे यांनी पर्शियाकडच्या एका पिवळ्या गुलाबाशी संकर करून १९०० साली ‘सोलेय दॉर’ हा वाण आणला. त्या संकरातून बागेतल्या गुलाबांना गडद पिवळा रंग मिळाला आणि त्याबरोबर काळ्या ठिपक्यांपुढची दुर्बलताही आली. माझ्या गच्चीवर पावसाळाभर पाने टिकवून फुलत राहतो तो साधा, सुवासिक, गावठी गुलाबी गुलाब. त्याची पाकळी सैल असते, त्यामुळे त्याची कळी भिजली तरी उमलते. भरगच्च पाकळ्यांच्या विलायती वाणांच्या कळ्या मात्र सतत पावसात बाहेरून तपकिरी होऊन, चिकटून, न उमलताच कुजतात. म्हणून अशा वाणांची कळी झाडावर उमलण्याची वाट पाहू नये. खालची हिरवी निदले मागे वळली आणि पहिली पाकळी सैल झाली की सकाळीच ती कापून घरात पेल्यात ठेवावी.

लिलीला यातले काहीही लागत नाही. रेन लिलीचे कांदे उथळ कुंडीत दोन इंच खोल, दाटीने लावावेत, एप्रिल-मेमध्ये पंधरावीस दिवस पाणी तोडावे आणि पहिल्या वळवाला कुंडी उघड्यावर असेल एवढे पाहावे. फुले एकदोन दिवसच टिकतात, पण पाऊस खंड घेऊन पुन्हा आला की पुन्हा येतात. मे महिन्यात लाल चेंडूसारखे फूल देणाऱ्या फुटबॉल लिलीला सावली चालते. हार आणि वेण्यांसाठी बाजारात जिच्या पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या मिळतात, ती लिली जमिनीत लावावी आणि विसरून जावी. या तिन्ही, खरे तर, लिलीच्या कुळातल्या नव्हेत, आणि ते बरेच आहे. खऱ्या, म्हणजे पुष्पगुच्छांतल्या मोठ्या सुगंधी लिलीचे कांदे थंडी मागतात, त्यामुळे पुण्यात ते पावसाळ्यात लावून पैसे वाया घालवू नयेत. घरात मांजर असेल, तर त्या मोठ्या लिलीची फुलेही आणू नयेत, कारण तिचे परागकण चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

तीनचार वर्षांनी रेन लिलीची कुंडी कांद्यांनी गच्च भरते आणि फुले कमी होतात, तेव्हा हिवाळ्याच्या अखेरीस कांदे काढून वेगळे करावेत. हे कांदे विषारी असतात आणि खाण्याच्या लहान कांद्यांसारखेच दिसतात, म्हणून काढलेले कांदे नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत घालून स्वयंपाकघरापासून लांब ठेवावेत.