हरारेत येताय? आधी इथल्या पैशाचं समजून घ्या

झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथल्या नोकरीचं पत्र हातात पडलं की आपली माणसं फोनवर पहिल्यांदा विचारतात, तिथे तूरडाळ मिळते का? मिळते. बेल्व्हेडिअर भागात आपल्या लोकांची वस्ती जुनी आहे, वाणसामानाची चिंता सोडा. विचारायचं ते हे : पगार कुठल्या पैशात मिळणार आणि कुठल्या खात्यात जमा होणार?

मी 2007 मध्ये आलो. त्याच वर्षी सरकारने भाव उतरवायचा हुकूम काढला आणि महिन्याभरात दुकानांची फडताळं रिकामी झाली. जुलै 2008 मध्ये महागाईचा सरकारी आकडा वर्षाला 23 कोटी टक्क्यांच्या वर गेला, पुढे आकडे देणंच थांबलं. पगार हातात आला की ऑफिसमधले सगळे उठायचे आणि तेल, साबण, साखर, जे दिसेल ते घेऊन यायचे. संध्याकाळपर्यंत थांबलं तर तेवढ्याच नोटांत निम्मी पिशवी भरायची. जानेवारी 2009 मध्ये एकावर चौदा शून्यांची नोट निघाली. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे. पेन्शन आणायला बँकेत जायचं तर बसभाडंच पेन्शनपेक्षा जास्त, म्हणून त्यांनी जाणं सोडलं. 2015 मध्ये त्या जुन्या झिम्बाब्वे डॉलरचा हिशेब मिटवला, तेव्हा 175 वर पंधरा शून्यं इतकी शिल्लक असली तरी खात्याला मिळाले 5 अमेरिकी डॉलर. जन्मभराची बचत ती एवढीच. हे मी जवळून पाहिलंय, म्हणून इतकं पोटतिडकीने सांगतोय.

2009 पासून अमेरिकी डॉलर, दक्षिण आफ्रिकेचा रँड असं परकी चलन चालू झालं आणि फडताळं पुन्हा भरली. 2014 मध्ये आपला रुपयाही अधिकृत चलनांच्या यादीत आला, पण दुकानात कोणी रुपये दिलेले मी कधी पाहिले नाहीत. फेब्रुवारी 2019 मध्ये दुसरा दणका बसला. बँकेत डॉलर म्हणून दिसणारी शिल्लक एकास एक दराने स्थानिक पैसा ठरली आणि त्या पैशाचा भाव लगेच घसरायला लागला. माझीही बचत त्यात गेली. ज्यांचे पैसे वेगळ्या परकी चलनाच्या खात्यात होते, ते वाचले. त्या खात्याला इथे ‘नोस्ट्रो’ म्हणतात. हा शब्द पाठ करा. करारात किती रक्कम नोस्ट्रोत, किती स्थानिक पैशात, आणि स्थानिक भाग कुठल्या तारखेच्या दराने, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. एप्रिल 2024 मध्ये सोन्याचा आधार असलेलं ‘झिग’ हे नवं स्थानिक चलन आलं, आणि सप्टेंबरमध्ये एका दिवसात त्याची किंमत 43 टक्क्यांनी उतरवली. झिग हातात आला की वीज, फोन, किराणा यांत लावून टाका, साठवू नका. रस्त्यावर पैसे बदलून देणारे भेटतील. ते बेकायदा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

येताना 1 आणि 5 डॉलरच्या नोटा भरपूर आणा. इथे सुट्ट्यांची मारामार फार. शंभराची नोट काढली की दुकानदार हात जोडतो. सुट्ट्यांऐवजी चॉकलेट, पेन, नाहीतर पुढच्या खरेदीची चिठ्ठी मिळते. शेअर गाडीला इथे कोंबी म्हणतात. तिच्यात कंडक्टर दोघांना मिळून एक डॉलर परत देतो आणि तुमचं तुम्ही वाटून घ्या म्हणतो. पहिल्यांदा माझ्या वाट्याला एक आजीबाई आल्या. आम्ही दोघं उतरलो, कोपऱ्यावर डॉलरची केळी घेतली आणि निम्मी-निम्मी वाटून घेतली. फाटकी नोट मात्र घेऊ नका. पुढे कोणी घेत नाही, आणि घेतलीच तर पैसे कापून.

बुलावायो शहराकडे किंवा बेटब्रिजच्या दक्षिण आफ्रिकी सीमेकडे निघालात तर थोडे रँड जवळ असू द्या. पेट्रोल, टोल, रस्त्यावरचं खाणं यांचे पैसे वेगवेगळ्या खिशांत ठेवा, म्हणजे सगळी गड्डी लोकांसमोर बाहेर काढावी लागत नाही.

आता एक गोष्ट हट्टाने सांगतो. घरकामाच्या बाई आणि माळीकाका यांचा पगार डॉलरमध्येच द्या. ठरल्या तारखेलाच, एक दिवसही उशीर नको. स्थानिक पैसा घसरला की त्यातच पगार देऊन स्वतःचे डॉलर वाचवणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. तो फरक त्यांच्या घरच्या मक्याच्या पिठातून जातो. आणि अख्खी पन्नासची नोट हातात ठेवू नका, त्यांना ती कोण मोडून देणार? माझ्या कपाटात एक पाकीट असतं. महिनाभर मिळालेल्या एक-एक डॉलरच्या नोटा मी त्यात टाकत जातो, आणि शेवटच्या शुक्रवारी ते तसंच त्यांच्या हातात देतो.