पाण्याखालचा प्रकाश मोजायला निघालेल्यांसाठी

नाशिकमध्ये भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकून सागरी प्रकाशमापनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी मला बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतात, की ज्याने समुद्र फारसा पाहिलेला नाही त्याचा या क्षेत्रात निभाव लागेल का. लागतो. अपवर्तन, लॉगरिदम आणि थोडे प्रोग्रॅमिंग एवढ्या शिदोरीवर काम सुरू करता येते. बोट लागण्याची आणि उन्हात डेकवर उभे राहण्याची सवय पुढे होते.

जे सवयीने येत नाही, ते मात्र सविस्तर सांगते. प्रकाश मोजणाऱ्या रेडिओमीटरचे कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत प्रमाणित दिव्यासमोर, म्हणजे हवेत होते, आणि आपण तो वापरतो पाण्यात. वरून येणारा प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरवर डिफ्यूजरची दुधाळ चकती असते. हवेत असताना तिच्यात शिरलेला बराचसा प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन डिटेक्टरपर्यंत पोहोचतो. पाण्याचा अपवर्तनांक चकतीच्या अपवर्तनांकाच्या जवळचा असल्यामुळे पाण्यात तोच प्रकाश अधिक प्रमाणात बाहेर निसटतो आणि रीडिंग कमी येते. ही तूट भरून काढणारा गुणक, म्हणजेच इमर्शन फॅक्टर, साधारण १.३ ते १.४ असतो. खालून वर येणारा प्रकाश अरुंद कोनातून मोजणाऱ्या, काचेची खिडकी असलेल्या सेन्सरचा कोन पाण्यात आणखी आक्रसतो, म्हणून त्याला सुमारे १.७ ने गुणावे लागते.

खरा सापळा असा, की हा गुणक राहून गेला तरी आलेख बिघडत नाही. खोलीप्रमाणे प्रकाश किती झपाट्याने घटतो ते आपण रीडिंगच्या लॉगरिदमच्या उतारावरून काढतो, आणि सगळ्या रीडिंगना एकाच संख्येने गुणले किंवा न गुणले तरी उतार तोच राहतो. निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून काढलेले क्लोरोफिलही जवळजवळ बरोबर येते, कारण गुणक तरंगलांबीनुसार थोडाच बदलतो. मात्र पाण्यातल्या रीडिंगला डेकवरच्या सेन्सरने हवेत मोजलेल्या प्रकाशाने भागून परावर्तन काढले, की ते खऱ्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास भरते. मग समुद्राचा रंग टिपणाऱ्या ओशनसॅट उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून पाहताना संशय वातावरणीय दुरुस्तीवर, म्हणजे मधल्या हवेतून आलेला प्रकाश वजा करण्याच्या हिशेबावर जातो, किनाऱ्यावरच्या गाळावर जातो, स्वतःच्या फाइलीवर जात नाही. माझ्याकडे आलेल्या जुन्या फाइलींत हा गुणक लावला आहे की नाही याची नोंदच नव्हती, आणि तो छडा लावण्यात गेलेला काळ आठवला की अजूनही जीव तुटतो. म्हणून प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर कॅलिब्रेशनची तारीख लिहाच, आणि गुणक यंत्राच्या सॉफ्टवेअरने लावला की आपण, हेही लिहा. दोघांनीही लावला तर आकडे तितकेच फुगतात.

एक कळ दाबली की अंतिम आलेख हाती देणारी सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी वापरूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. मार्गदर्शक निवडतानाही त्यांच्या शोधनिबंधांची यादी पाहण्याआधी ते कच्चा डेटा उघडून तुमच्या शेजारी बसतात का, ते पाहावे. जहाजावर सर्वांत जास्त शिकवतो तो यंत्र पाण्यात सोडणारी विंच सांभाळणारा तंत्रज्ञ. यंत्र उन्हाच्या बाजूने, जहाजाच्या सावलीपासून दूर सोडायचे आणि सेन्सरच्या तोंडावर बुडबुडे राहू द्यायचे नाहीत, हे तो न विचारता सांगतो.

गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा हैदराबादचे इन्कॉइस हे सागरी माहिती सेवा केंद्र गाठेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. रीतसर परवानगी काढून गंगापूर धरणाच्या पाण्यात सेकी डिस्क सोडता येते. अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरलेली ही पद्धत आजही चालते: पांढरी चकती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. पावसाळ्यातले गढूळ पाणी आणि हिवाळ्यात निवळलेले पाणी यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की गाळ प्रकाशाचे काय करतो ते डोळ्यांना दिसते. महाविद्यालयात पाण्यात चालणारा सेन्सर असेल, तर आतून काळा रंग दिलेल्या टाकीच्या तळाशी तो ठेवून वर स्थिर दिवा लावा, आधी कोरडे रीडिंग घ्या आणि मग हळूहळू पाणी भरा. चकती बुडताच आकडा खाली येतो. वेगवेगळ्या पातळ्यांवरची रीडिंग घेऊन ती शून्य खोलीपर्यंत मागे नेली आणि पृष्ठभागावरच्या परावर्तनाचा व दिव्याच्या अंतराचा हिशेब धरला, की गुणक हाती येतो. टाकीतले पाणी गोडे असल्यामुळे समुद्राच्या पाण्यासाठी तो किंचित वेगळा असेल, एवढे वहीत नोंदवून ठेवा.