मेरेंगे शिकायचंय? मग आधी कान लावा

साल्साच्या बऱ्याच वर्गांत पहिल्या दिवशी मेरेंगे हा जोडीचा नाच शिकवतात. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, डावं-उजवं, डावं-उजवं. अर्ध्या तासात सगळे नाचायला लागतात आणि पुढच्या आठवड्यापासून मेरेंगेचं कुणी नाव काढत नाही. मला ही पद्धत पटत नाही. पुण्यात साल्सा शिकत होते तेव्हा माझ्याही वाट्याला मेरेंगे एवढंच आलं. पुढे न्यू जर्सीत राहायला आले आणि नदीपलीकडे मॅनहटनमधल्या वॉशिंग्टन हाइट्सला, डॉमिनिकन लोकांच्या वस्तीत, साठी ओलांडलेली जोडपी मेरेंगे नाचताना पाहिली. पाऊल तेच होतं, नाच मात्र निराळाच. एका जोडप्याने अख्खं गाणं दोन-तीन फरश्यांच्या जागेत संपवलं. बाईंच्या खांद्यावरची पर्ससुद्धा जागची हलली नाही, आणि गुडघ्यांखाली मात्र एक क्षण उसंत नव्हती.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं सांगणं असतं की पाय येतीलच, आधी ऐका.

मेरेंगे, म्हणजे हा नाच आणि त्याचं संगीत, कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकचा. देशाच्या उत्तरेकडच्या सिबाओ खोऱ्यात, सांतियागो शहराच्या आसपास तो वाढला. त्याच्या जुन्या, गावाकडच्या रूपाला मेरेंगे तिपिको किंवा पेरिको रिपियाओ म्हणतात. त्यात मुख्य वाद्यं तीन: अकॉर्डियन, ताम्बोरा आणि ग्वीरा. अकॉर्डियन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीशी चालणाऱ्या तंबाखूच्या व्यापारातून तिथे पोचला. ग्वीरा म्हणजे खिळ्याने टोचे पाडून खरखरीत केलेली पत्र्याची नळी. ती तारांच्या काट्याने घासतात. ताम्बोरा समजायला मराठी माणसाला जड जाऊ नये. आपल्या पथकातला ढोल एका बाजूला टिपरूने आणि दुसऱ्या बाजूला हाताच्या थापीने वाजतो, तसाच तोही. फक्त आकाराने लहान, आणि मांडीवर आडवा घेऊन वाजवायचा.

सरावाची सुरुवात खुर्चीत बसून करा. एकच गाणं निवडा आणि पहिल्यांदा फक्त ग्वीरा ऐका. तिची खरखर अखंड चालू असते आणि तुमच्या पावलाचा ठोका तिच्यातच असतो. तो पायाने धरता आला की ताम्बोराकडे वळा. काठीची एक छोटी झड उठते आणि पुढच्या समेवर येऊन आपटते. ती झड ओळखता आली की मोजणं आपोआप सुटतं. वर्गात आठपर्यंत मोजायला लावतात, ते पहिल्या काही दिवसांपुरतं ठीक आहे. तोंडाने आकडे म्हणत नाचणाऱ्याला ताम्बोरा ऐकू येत नाही, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

आता पाय. नितंब मुद्दाम हलवू नका. नवखी मंडळी इथेच अडकतात, कारण बघताना कंबरच दिसते. प्रत्यक्षात सगळं काम गुडघ्याचं असतं. गुडघा वाकवून पाऊल टाकायचं, आधी चवड्याच्या आतल्या कडेने जमीन दाबायची, मग पूर्ण वजन देत गुडघा सरळ करायचा. वजन खरोखर एका पायावरून दुसऱ्यावर गेलं की कंबर आपसूक फिरते. वजन दोन्ही पायांत वाटून ठेवलंत तर कितीही प्रयत्न करा, नुसती कवायत होते. पावलं लहान ठेवा, पंज्याच्या रुंदीपेक्षाही लहान चालतील. रबरी तळव्याचे बूट टाळा. ते जमिनीला चिकटतात आणि वळताना सगळा ताण गुडघ्यावर येतो.

ज्यांची मेरेंगेशी ओळख झुंबाच्या वर्गात झालीय, आणि मुंबई-पुण्यात असे पुष्कळजण आहेत, त्यांना थोडं वेगळं सांगावं लागतं. झुंबाच्या मूळ चार तालांत मेरेंगे आहे, त्यामुळे ठोका तुमच्या अंगात आधीच बसलेला असतो. ही मोठी जमेची बाजू. पण तिथे समोर बघून एकट्याने, हात उंचावून नाचायचं असतं. इथे जोडीदार असतो. खांदे शांत ठेवावे लागतात, नाहीतर समोरच्याला तुमचा इशारा कळतच नाही.

जोडीने नाचण्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. स्टुडिओत शिकवलेल्या मेरेंगेत हातांच्या गाठी आणि गिरक्या फार. डॉमिनिकन जोडपी सहसा बंद पकडीत, म्हणजे समोरासमोर एकमेकांना धरून, राहतात आणि हळूहळू गोल फिरतात. गिरकी घेतलीच तर घाई नसते; पाय ठोक्यावर चालत राहतात आणि चार किंवा आठ पावलांत माणूस निवांत फिरून येतो. आधी हे जमवा, गाठी नंतर. अनोळखी माणसाच्या इतकं जवळ उभं राहायला आपल्याकडच्या बऱ्याच जणांना, विशेषतः मुलींना, अवघडल्यासारखं होतं. तुम्हाला चालेल तेवढंच अंतर ठेवा. डावा हात जोडीदाराच्या खांद्यावर नीट टेकवून ते अंतर राखता येतं, आणि सभ्य नाचणारा ते पाळतोच. न पाळणाऱ्याबरोबर गाणं अर्ध्यात सोडायला काहीच हरकत नाही.

थोडा इतिहास माहीत असावा, कारण गाणी ऐकताना तो कानावर पडतो. शहरातली प्रतिष्ठित मंडळी पूर्वी या संगीताला नाक मुरडत. 1930 मध्ये सत्तेवर आलेल्या राफाएल त्रुहियो या हुकूमशहाने त्याला दरबारी मान दिला. मोठे वाद्यवृंद उभे राहिले, मेरेंगे राष्ट्रीय संगीत झालं, आणि त्यासोबत त्रुहियोच्या स्तुतीची गाणीही रचली गेली. 1961 मध्ये त्याची हत्या झाली. त्यानंतर जॉनी व्हेन्तुरा या गायकाने वाद्यवृंद आटोपशीर केला, वेग वाढवला आणि रंगमंचावर नाचत गाणं आणलं. पुढे तो राजधानी सांतो दोमिंगोचा महापौरही झाला. ज्या संगीताची एका हुकूमशहाने जाहिरात केली ते लोकांनी टाकून दिलं नाही, परत आपलंसं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 2016 मध्ये युनेस्कोने डॉमिनिकन मेरेंगेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

ऐकायला सुरुवात हुआन लुईस गेर्रापासून करा, त्याच्या गाण्यांत एकेक वाद्य स्वच्छ ऐकू येतं. मग फेफिता ला ग्रांदेकडे या. अकॉर्डियन वाजवणाऱ्यांत पुरुषांचाच भरणा असताना या बाईने तिपिकोत स्वतःचं स्थान मिळवलं. तिचा वेग सुरुवातीला झेपणार नाही. तेव्हा दर दोन ठोक्यांना एक पाऊल टाका. ते नियमात बसतं का याची काळजी नको, ताल सुटत नाही हे महत्त्वाचं.

आणि संधी मिळाली तर तिपिको समोर बसून ऐका. जुन्या रचनेत तीन भाग असत: पासेओ, मेरेंगे, खालेओ. पासेओत जोडपी नुसती चालत मैदानात येत. तो भाग आता बहुतेक गळालाय. खालेओत अकॉर्डियन एकच तुकडा पुन्हापुन्हा घोळवतो, गायक आणि वादक एकमेकांना साद घालतात, ग्वीरावाला जोर चढवतो. नवख्याने पहिले काही खालेओ कडेला उभं राहून पाहावेत, ग्वीरावाल्याच्या शक्य तितक्या जवळ. मग कुणाला तरी ‘बायलामोस?’ (नाचूया का?) विचारून उतरावं. गाणं संपलं की आभार मानून जोडीदाराला जागेपर्यंत सोडायचं, आणि नाचता नाचता त्याला शिकवायला जायचं नाही.