ग्रामसभेत आपला विषय लावून धरायचा तर

माझी एक टर्म ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून गेली. त्या बाजूला बसून जे कळलं ते सांगते. सभेत घसा फोडणाऱ्याचं काम तसंच राहतं, गुपचूप अर्ज देणाऱ्याचं पुढे सरकतं. प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, चढतं तेवढंच खरं.

ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात. बहुतेक 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर धरूनच. नोटीस सात दिवस आधी फळ्यावर लागते, पण अर्ज त्याच्याही आधी द्या. नाहीतर तुमचा विषय ‘ऐनवेळचे विषय’मध्ये जातो आणि तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

‘आमच्या गल्लीत फार गैरसोय आहे’ असा अर्ज कुणी पुरता वाचतही नाही. असं लिहा: ‘शाळेच्या फाटकापासून हातपंपापर्यंत अंदाजे 40 मीटर गटार नाही. सांडपाणी रस्त्यावर येते. बंदिस्त गटाराचे काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घ्यावे.’ कुठून कुठपर्यंत ते असलं की अंदाजपत्रक करता येतं. दोन प्रती काढा. एकीवर शिक्का, सही, तारीख. ‘पोच उद्या न्या’ म्हणाले तरी हलू नका.

सभेला गल्लीतली माणसं घेऊन जा. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी संख्या लागते. ती भरली नाही की सभा तहकूब.

ग्रामसभेआधी महिला सभा असते. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टर घरोघर फिरवून उरकतात. बायांनो, सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचा!

‘निधी नाही’ हे उत्तर ठरलेलंच. तेव्हा कुठला निधी नाही, ते विचारा. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतली 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिली होती. ती बंधित रक्कम किती आली आणि कशावर गेली, हे भर सभेत विचारलं की सूर बदलतो. आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर मोबाईलमध्येही दिसतो, तो आदल्या रात्री बघून जा.

ठराव झाला की सूचक-अनुमोदकाच्या नावांसह तो तिथेच वाचून दाखवायला सांगा. मग नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही तिकीट माफ आहे, फक्त दाखल्याची प्रत जोडा.