डिशवॉशरमध्ये पाणी तापत नाही? हीटर मागवण्याआधी मोजून बघा

भांडी गार आणि ओलीच निघतात, काचेला बोट लावलं की तेलकट लागतं, टॅब्लेट अर्धवट विरघळून कप्प्याला चिकटलेली असते. कधी दोन तासांचा प्रोग्राम तीन तास झाले तरी संपत नाही, कारण ठरलेलं तापमान येईपर्यंत मशीन पुढच्या टप्प्यावर जातच नाही. ही लक्षणं दिसली की बहुतेक जण थेट नवा हीटर मागवतात. तो बसवूनही पाणी गारच राहतं, कारण हीटर कित्येकदा धडधाकट असतो. त्याच्यापर्यंत वीज पोचू दिली जात नसते.

आधी खात्री करून घ्या. ६५ किंवा ७० अंशांचा प्रोग्राम लावा. टॅब्लेटचा कप्पा उघडल्यानंतर १५ ते २० मिनिटांनी दार सावकाश उघडा आणि तळातल्या पाण्यात थर्मामीटर धरा. ४ लिटर पाणी २० वरून ६५ अंशांवर न्यायला २००० वॅटच्या हीटरला साडेसहा मिनिटं पुरतात. भांडी आणि स्टीलची टाकीही उष्णता खातात म्हणून प्रत्यक्षात बराच जास्त वेळ जातो. तरीही इतक्या वेळात पाणी चांगलं कढत व्हायला हवं. सुरुवातीला भांडी नुसती विसळली जातात ती मात्र गार पाण्यातच, तेव्हा घेतलेलं माप धरू नका.

प्लगमध्ये लावायचा, मशीन किती वीज ओढतंय ते दाखवणारा वॅटमीटर मिळाला तर निम्मं काम तिथेच होतं. नुसता पंप चालू असताना साधारण १०० वॅटच्या आत आकडा दिसतो, हीटर लागला की तो २००० च्या आसपास उडी घेतो. उडी दिसते पण पाणी गारच, असं असेल तर ड्रेनची, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडणारी नळी बघा. ती फार खाली सोडलेली असेल तर तापलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन पुन्हा गार पाणी भरत राहतं.

उडीच येत नसेल तर पहिला संशय पाण्यावर घ्या. कोरडा हीटर थोड्याच वेळात जळतो, म्हणून पुरेसं पाणी आणि दाब असल्याची खूण मिळाल्याशिवाय मशीन त्याला वीज देत नाही. ही खूण प्रेशर स्विच किंवा तसला सेन्सर देतो. फिल्टर खरकट्याने बुजला असेल, पाणी भरणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने भरली असेल किंवा हाताने भांडी घासायचं लिक्विड टाकल्यामुळे फेस झाला असेल, तर पंप हवा ओढतो आणि दाब तयार होत नाही. प्रेशर स्विचकडे जाणारी बारीक नळी काढून बघा, तिच्या तोंडाशी चिकट मेण जमलेलं असतं. ती गरम पाण्याने धुवा. साधा स्विच असेल तर त्यात हळूच फुंकर मारल्यावर ‘टक्’ असा आवाज यायला हवा.

इथे सगळं ठीक असेल तरच मशीन उघडा. प्लग काढा, नळ बंद करा, तळातलं पाणी स्पंजने टिपून घ्या. नाहीतर मशीन आडवं करताना ते बोर्डवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर सांडतं. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला आणि वायरी काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

हीटरच्या दोन्ही वायरी सुट्या करून मल्टीमीटर लावा. २३० व्होल्टच्या मशीनमध्ये १८०० वॅटला सुमारे २९ ओहम, २१०० वॅटला सुमारे २५ ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर हीटर तुटलेला आहे. मग एक टोक हीटरच्या धातूच्या अंगाला लावून बघा, तिथे काहीही दिसता कामा नये. पाणी तापायला लागताच आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा घरातला स्विच) पडत असेल तर दोष बहुधा याच ठिकाणी असतो. साध्या मीटरला तो कित्येकदा सापडत नाही, मग ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टवर वीजगळती मोजणाऱ्या मीटरने) तपासावा लागतो.

थर्मल कटआउट, म्हणजे हीटर फार तापला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच, गार असताना जोडलेला, म्हणजे जवळजवळ शून्य ओहम दाखवणारा हवा. तो उडाला असेल तर बदला, पण का उडाला तेही शोधा: हीटरवर क्षारांचा जाड थर आहे का, पंप नीट फिरतोय का. वायर जोडून त्याला वळसा कधीही घालू नका, आग लागू शकते.

तापमानाचा सेन्सर बऱ्याच मशीनमध्ये २५ अंशांना १० किलोओहमचा असतो, सगळ्यांत नाही. आपल्या मॉडेलचा आकडा बघा. तो ५० अंशांच्या पाण्यात धरला की १० किलोओहमचा आकडा साडेतीनच्या आसपास उतरतो, आणि उतरताना मध्ये उड्या मारत नाही. गार असतानाच फार कमी आकडा दाखवत असेल तर बोर्डला वाटतं पाणी तापलंय, आणि हीटर लागतच नाही.

शेवटी बोर्ड. हीटरच्या रिलेमधून, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या बोर्डवरच्या स्विचमधून, ८ ते ९ अँपिअर जातात. सतत तापून-निवून त्याच्या पायाभोवतीच्या सोल्डरला तडा जातो. भिंगातून बघितलं तर पिनेभोवती केसासारखी काळी गोल रेघ दिसते, कधी शेजारचा बोर्ड तपकिरी पडलेला असतो. जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या जाळीदार पट्टीने) पूर्ण उचला, नवं भरा. तांब्याची पट्टी उखडली असेल तर तेवढ्या भागावर तांब्याची जाड वायर झाळा. रिले बदलायचा तर कॉइलचा व्होल्ट आणि संपर्कांचे अँपिअर जुन्याइतकेच घ्या. हीटरच्या टोकावरची लग (वायर जोडायची धातूची टोपी) काळवंडली असेल तर तीही बदला, सैल लग पुन्हा जळते.

हीटर खरोखरच गेला असेल तर दाराच्या कडेवरचा पूर्ण मॉडेल नंबर देऊनच मागवा. अनेक नव्या मशीनमध्ये तो पंपाच्या पोटातच असतो आणि अख्खा संचच बदलावा लागतो. रबराच्या तोंडाला साबणाच्या पाण्याचा हात लावला की ते सहज बसतं. जोडणी झाल्यावर तळाचा ट्रे कोरडा पुसा. तिथे पाणी राहिलं तर गळती ओळखणारा तरंगता फ्लोट उचलला जातो आणि मशीन नुसतं उपसत बसतं. पत्रे लावून एक छोटा प्रोग्राम चालवा, प्लग काढून सांध्यांखाली टिशू फिरवा. तो कोरडा निघाला की ७० अंशांचा प्रोग्राम लावून थर्मामीटर पुन्हा धरा, आणि मिठाची सेटिंग आपल्या पाण्याच्या कडकपणाप्रमाणे करून टाका.