डांबरगोळा, हेप्टेन आणि गाळणीचा कागद

मे संपत आला की गोव्यातल्या मांद्र्याच्या वाळूवरून अनवाणी आलेल्या माणसाचे तळवे बघावेत. काळेभोर. पावसाआधी समुद्रावरून वारा सुटला की दर्यातलं तेल डांबरगोळे होऊन किनाऱ्याला लागतं. म्हापशाकडच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची लॅब सांभाळायचो. या फुकटच्या मालातून अ‍ॅस्फाल्टीन, म्हणजे तेलातला सगळ्यात जड भाग, वेगळा काढायचा प्रयोग मुलांकडून दरवर्षी करून घ्यायचो. त्याची रीत सांगतो.

आधी एक गैरसमज. घट्ट तेलात पातळ हायड्रोकार्बन ओतलं की सगळं एकजीव होईल, असं मुलांना वाटतं. घडतं उलट. उकळी जास्त झाली की हुमणातला, म्हणजे माशांच्या आमटीतला, नारळाचा रस फुटतो ना, तसं तेल फुटतं. अ‍ॅस्फाल्टीनचे रेणू म्हणजे बेन्झीनची कडी जोडून झालेले चपटे पत्रे. त्यांत गंधक, नायट्रोजन, थोडं व्हॅनेडियम आणि निकेलही. एकावर एक चळत लावून बसायची त्यांना खोड. तेलातली रेझिनं आणि अ‍ॅरोमॅटिक घटक त्यांना सुटं ठेवतात. भरपूर हेप्टेन, म्हणजे सात कार्बनच्या साखळीचं पातळ हायड्रोकार्बन, घातलं की हा आधार विरळ होतो आणि चळती वाढत जाऊन तळाला बसतात. टोल्युइन या दुसऱ्या द्रावकात मात्र ते विरघळतात, कारण त्याच्याही अंगात तेच बेन्झीनचं कडं. काय कशात विरघळेल ते सांगणाऱ्या हिल्डेब्रँडच्या मापावर हेप्टेन १५.३ आणि टोल्युइन १८.२. फरक दिसायला एवढासा, पण सगळा खेळ त्याच्यावर. म्हणून अ‍ॅस्फाल्टीन हे एका पदार्थाचं नावच नव्हे. जे हेप्टेनमध्ये विरघळत नाही आणि टोल्युइनमध्ये विरघळतं, ते अ‍ॅस्फाल्टीन.

गोळा उचलताना स्टीलचा चमचा आणि काचेची बाटली घ्या. प्लास्टिकची पिशवी नको, तेल तिला लागतं. लॅबमध्ये आल्यावर बर्नर बंद, वाफा बाहेर ओढणारा फ्युम हूड चालू. हेप्टेनची वाफ उणे ४ अंशालासुद्धा पेट घेते, तेव्हा गोव्याच्या मे महिन्यात काय ते समजून घ्या.

थेट हेप्टेन ओतू नका. गोळ्यात वाळू असते, खारं पाणी असतं, कधी शिंपल्याचा चुरा. आधी सुमारे ५ ग्रॅम गोळा ५० मिलि टोल्युइनमध्ये कोमट करून विरघळवा, गाळा आणि टोल्युइन उडवून टाका. खाली राहील ते खरं डांबर.

त्यातलं नेमकं १ ग्रॅम कोनिकल फ्लास्कमध्ये घ्या, ४० मिलि हेप्टेन घाला आणि वाफ थंड करून परत खाली सोडणारा कंडेन्सर लावून हॉट प्लेटवर तासभर उकळू द्या. मग झाकून दोनेक तास अंधाऱ्या कपाटात ठेवा. घाई केलीत तर बारीक कण कागदातून निसटतात. वजन केलेल्या व्हॉटमन ४२ कागदावरून गाळा आणि खालचा थेंब बिनरंगी होईपर्यंत गरम हेप्टेनने धुवा.

'गरम' हा शब्द पुसू नका. पहिल्या वर्षी मी थंड हेप्टेनने धुतलं आणि ३८ टक्के आलं म्हणून सरांना दाखवायला धावलो. कागद ओव्हनमध्ये १०० अंशाला ठेवला तर पावडर वितळून तो समोश्याच्या कागदासारखा तेलकट झाला. ते मेण होतं! टँकर धुतलेल्या तेलाच्या गोळ्यांत मेण खूप सापडतं. थंड हेप्टेनमध्ये तेही खाली बसतं, गरममध्ये विरघळून निघून जातं. खरं अ‍ॅस्फाल्टीन १०० अंशाला वितळत नाही. कॉफीच्या पुडीसारखं, काळसर तपकिरी, किंचित चमकदार राहतं. शंका आली तर चिमूटभर टोल्युइनमध्ये टाका. मागे काही उरलं तर ती वाळू.

कागदाचं वजन ०.१२ ग्रॅमने वाढलं तर १२ टक्के, हिशोब एवढाच. हेप्टेनऐवजी पाच कार्बनचं पेंटेन वापरलं तर आकडा वाढतो, कारण कार्बनची साखळी जितकी आखूड तितका जास्त माल खाली बसतो. पण पेंटेन ३६ अंशाला उकळतं. आमच्या लॅबमध्ये दुपारी बाटली उघडली की निम्मं तिथेच उडायचं.

वजनकाटा नसेल तर थेंबाची परीक्षा करा. मला तीच जास्त आवडते. डांबर टोल्युइनमध्ये विरघळवून त्यात १-१ मिलि हेप्टेन घालत जा आणि दरवेळी एक थेंब गाळणीच्या कागदावर टाका. आधी सारखा तपकिरी डाग पसरतो. मग एका थेंबाला मध्यभागी काळं वर्तुळ उमटतं. तिथे तेल फुटलं. जहाजाच्या जड इंधनात हलकं डिझेल मिसळताना टाकीत गाळ बसेल का, तेही अशाच डागावरून बघतात.

२०१९ साली नाफ्ता भरलेलं जहाज दोनापावलाच्या खडकांवर अडकलं तेव्हा मुलं विचारायची, आता डांबरगोळे येणार का? नाही. नाफ्ता हेप्टेनच्याच जातीचा हलका माल, गोळा व्हायला त्यात जड भाग लागतो. भीती होती ती आगीची.

वापरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, चिठ्ठी लावलेल्या टाकाऊ बाटलीत भरा. आणि तळव्याला लागलेलं डांबर रॉकेलने घासू नका. रॉकेल हलका भाग पळवतं, काळा भाग भेगांत बसतो. खोबरेल चोळा, पाच मिनिटं मुरू द्या, जुन्या फडक्याने पुसा, मग साबण. घरी हे मला कुणी शिकवलं ते सांगत नाही. तिने लॅबचं तोंडही बघितलेलं नाही.