उघड्या अंगाने डोंगरात: या चुका टाळा

चढण संपली, घामाने भिजलेला टी-शर्ट काढला आणि खिंडीतल्या वाऱ्यात उभं राहिलं की पाठ कशी गार पडते, हे सह्याद्रीत फिरणाऱ्या पुरुषांना ठाऊक असतं. बायकांना तेवढीही मुभा नाही. विवस्त्र चालण्यात हेच सुख अंगभर मिळतं. ओलं कापड काखेत, मांडीत घासत नाही, ऊन-सावलीचा बदल पोटावर, पाठीवर जाणवतो, आणि थोड्या वेळाने आपलं शरीर कसं दिसतं याचा विचारच सुटतो. लोकलच्या गर्दीत अंग चोरून जगणाऱ्या मुंबईकराला याची ओढ वाटली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. चुका होतात त्या पुढे.

‘इथे कोण बघतंय?’
ही सर्वांत मोठी चूक. येऊर असो, तुंगारेश्वर असो की पेबची वाट, जंगल रिकामं नसतं. मोळी घेऊन निघालेल्या पाड्यावरच्या बायका असतात, गुराखी असतात, वनरक्षक असतात. ती वाट आधी त्यांची आहे. त्यांना मान खाली घालायला लावून मिळवलेला मोकळेपणा मला मान्य नाही. कायदाही आहेच: सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दिगंबर मुनींचा दाखला इथे देऊ नये. त्यांचा विहार हे आयुष्यभराचं व्रत आहे, आपली रविवारची हौस नव्हे.

मग इथे काही करूच नये?
करावं, पायांपासून सुरुवात करावी. माथेरानला मोटारी नाहीत, वाटा जांभ्याच्या लाल मातीच्या. पावसाळा सरल्यावर सकाळी तिथे बूट हातात घेऊन चालून बघा. सावलीतली माती गार आणि किंचित चिकट लागते, उन्हातली कोरडी आणि खरखरीत. पहिल्याच दिवशी अख्खी वाट अनवाणी चालायचा हट्ट नको, आणि एप्रिलच्या दुपारी कातळावर तर मुळीच नको, तळवे भाजतात. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं.

उघड्या हातापायांनी झाडीत घुसणाऱ्यांना हिवाळ्यात खाजकुयली गाठते. तिच्या शेंगांवरची सोनेरी कुसं वाऱ्यानेही अंगावर येतात. खाज सुटली की आपण चोळतो आणि ती आणखी पसरतात. चोळू नका. चिकटपट्टी दाबून कुसं उचला, मग भरपूर पाण्याने धुवा.

परदेशात गेलात तर
‘युरोपात सगळीकडे चालतं’ हा गैरसमज. जर्मनीत हार्झ डोंगरात डांकेरोडे गावाजवळ 2010 पासून विवस्त्र चालणाऱ्यांसाठी सुमारे 18 किलोमीटरची खास वाट आहे. ज्यांना नग्न माणसं पाहायची नाहीत त्यांनी पुढे जाऊ नये, अशी पाटीच तिथे लावलेली आहे. उलट स्वित्झर्लंडच्या आपेनझेल इनररोडेन प्रांताने 2009 मध्ये यावर बंदी घालून 200 फ्रँकचा दंड ठेवला. देश सोडाच, प्रांतागणिक नियम बघावा लागतो.

तिथे आपल्या लोकांना हमखास नडते ती सॅक. कमरेचा पट्टा उघड्या कातडीवर तासाभरात साल काढतो, म्हणून मध्ये सुती पंचा घडी करून घाला. बसतानाही तोच खाली अंथरा, हा तिथला शिष्टाचार आहे. बूट घालाच. कधीच ऊन न लागलेल्या भागांना सनस्क्रीन दोनदा लावा. आपण सावळे म्हणून करपत नाही, हे खरं नाही. कपडे हाताशी ठेवा आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका.

मुक्कामाला आल्यावर काख, जांघ, गुडघ्यामागची बाजू नीट तपासा. तिथल्या गवतातल्या गोचिडी लाइम नावाचा जिवाणूंचा आजार पसरवतात. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल वगैरे ओतू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल चट्टा पसरत गेला, तर डॉक्टरांना चाव्याबद्दल आवर्जून सांगा.